शिकणाऱ्या कामगाराचे वेळापत्रक

रायपूर शहराच्या उत्तरेला, बिलासपूरच्या रस्त्याच्या बाजूने बीरगाव आणि उरला हा औद्योगिक पट्टा पसरला आहे. रोलिंग मिल, फौंड्री, फेरो अलॉयच्या भट्ट्या, लहानमोठी वर्कशॉप. आणखी पुढे गेले की सिलतऱ्याचे स्पंज आयर्नचे कारखाने. संध्याकाळी पाळी सुटली की या रस्त्यावर सायकली आणि मोटारसायकलींची एकच गर्दी होते. त्या गर्दीत डब्याच्या पिशवीत वही-पुस्तक घेऊन निघालेली मुले असतात. सकाळी ती कोणत्या तरी ठेकेदाराच्या हजेरीवर मदतनीस असतात, संध्याकाळी विद्यार्थी. कारखान्यात त्यांना कोणी विद्यार्थी मानत नाही आणि कॉलेजात त्यांना कोणी कामगार मानत नाही. आम्ही आज त्यांच्याविषयी लिहीत आहोत, कारण या मुलांची गणना आमच्या संघटनांच्या दप्तरातही होत नाही.

मराठी वाचकांना उरला दूरचे वाटण्याचे कारण नाही. मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदिया ओलांडले की काही तासांत रायपूर येते. आणि बुटीबोरी, वाळूज किंवा चाकणच्या फाटकावर उभे राहणाऱ्याला जे दिसते तेच उरल्यातही दिसते. कायम कामगारांची संख्या आटत चालली आहे, ठेकेदारीची वाढते आहे आणि या दोहोंच्या मध्ये 'ट्रेनी' नावाचा एक नवा थर तयार झाला आहे. या थरातील पुष्कळजण शिकत आहेत, किंवा निदान शिकण्यासाठी म्हणून त्यांनी नाव घातले आहे.

शिक्षणाच्या योजना कागदावर कमी नाहीत. सामुदायिक महाविद्यालयाची कल्पना मुळात अमेरिकेतली. तेथे इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ साली असे पहिले सार्वजनिक महाविद्यालय निघाले. घराजवळ, परवडणाऱ्या फीमध्ये, नोकरी सांभाळून शिकता यावे हा त्यामागचा विचार. आपल्याकडे १९९० नंतर पाँडिचेरी आणि मद्रास येथे या धर्तीवर सुरुवात झाली. पुढे २०१३-१४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने सामुदायिक महाविद्यालयांची योजना आणली आणि २०१४ मध्ये बी. व्होक. ही पदवी सुरू केली. एक वर्ष पुरे केले तर डिप्लोमा, दोन वर्षांना ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, तीन वर्षांना पदवी. अभ्यासक्रमाचा साधारण साठ टक्के भाग कौशल्याचा, चाळीस टक्के भाग सामान्य शिक्षणाचा.

छत्तीसगडने तर आणखी पुढचे पाऊल टाकले. २०११ साली दंतेवाडा जिल्ह्यातील गीदम येथे आजीविका महाविद्यालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे 'लाइवलीहुड कॉलेज', सुरू झाले आणि नंतर ही महाविद्यालये इतर जिल्ह्यांतही निघाली. २०१३ साली त्या राज्याने युवकांना कौशल्य विकासाचा हक्क देणारा कायदा केला. चौदा ते पंचेचाळीस वर्षे वयाच्या व्यक्तीने मागणी केल्यावर नव्वद दिवसांत प्रशिक्षणाची सोय झाली पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. कौशल्य शिकणे हा हक्क आहे असे कायद्याने मान्य करणे ही लहान गोष्ट नव्हे. त्याचे आम्ही स्वागतच करतो.

परंतु हक्क मिळाला तरी वेळ मिळत नाही, आणि उरल्याच्या मुलाचे शिक्षण अडते ते इथेच. ज्या ठिकाणी बारा तासांची पाळी चालते, तेथे कामावर जाऊन-येऊन चौदा तास संपतात. पाळी आठ तासांची असली तरी ती दर आठवड्याला फिरते. सकाळची पाळी असेल त्या आठवड्यात संध्याकाळचा तास सापडतो, दुसरी पाळी लागली की बुडतो. रात्रपाळी करून सकाळी वर्गात बसलेल्या मुलाच्या डोक्यात काय शिरत असेल ते भट्टीवर काम केलेल्या कोणालाही सांगायला नको. सत्राच्या शेवटी हजेरी कमी पडते, परीक्षेला बसू देत नाहीत, किंवा परीक्षेच्या दिवशीच मुकादम बदली माणूस नाही म्हणून थांबवून घेतो. खाडा केला तर त्या दिवसाचा पगार जातो आणि कधी कधी कामही जाते.

मग साठ आणि चाळीस या वाटणीचे काय होते पाहा. साठ टक्के कौशल्य तो कारखान्यात कसेबसे शिकतो, कारण ते काम त्याच्याकडून मालकाला हवेच असते. बुडतो तो चाळीस टक्क्यांचा भाग. त्यात भाषा आहे, गणित आहे, संगणक आहे. हिशेब वाचणे, अर्ज लिहिणे, आराखडा समजून घेणे, आपला हक्क कोणत्या कायद्यात आहे हे शोधणे याची तयारी त्यातूनच होते. मदतनीसाला फोरमन होण्यासाठी जे लागते ते याच भागात असते. तेच सुटल्यावर हातात उरते ते एका वर्षाचे प्रमाणपत्र. नव्या शैक्षणिक धोरणात याला मधल्या टप्प्यावर बाहेर पडण्याची सोय म्हणतात. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच ठेवलेला नाही, त्याच्या शाळा सुटण्यालाच सोय असे नाव दिले गेले, एवढाच त्याचा अर्थ होतो.

आता कायद्याची बाजू. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार या शब्दाची जी व्याख्या होती, तिच्यात शिकाऊ उमेदवाराचा स्पष्ट उल्लेख होता. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम १८ ने मात्र त्या कायद्याखालचा उमेदवार हा कामगार नव्हे, असे ठरवले. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने कामगाराच्या व्याख्येतूनच अशा उमेदवाराला वगळले आहे. म्हणजे त्याचा तंटा उभा करण्याचा जो काही आधार जुन्या शब्दांत होता, तोही गेला.

तरीही आमच्या कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की, ही वगळणूक १९६१ च्या कायद्याखालच्या उमेदवारापुरती आहे. त्या कायद्याप्रमाणे उमेदवारीचा करार लेखी व्हावा लागतो आणि त्याची नोंदणी करावी लागते. नुसते 'ट्रेनी' असे पत्र देऊन, करार न करता, एखाद्याला वर्षानुवर्षे यंत्रावर उभे केले असेल, तर तो शिकाऊ आहे हे मालकाने सिद्ध केले पाहिजे. तेव्हा पहिला प्रश्न नेहमी हाच विचारावा: करार कोठे आहे आणि त्याचा नोंदणी क्रमांक काय? दुसरी गोष्ट, करार खरा असला तरी उमेदवार अगदी निराधार नाही. आरोग्य, सुरक्षितता आणि कामावरील अपघाताची भरपाई यांचे संरक्षण १९६१ च्या कायद्यानेच त्याला दिले आहे. प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हिताच्या कारणासाठी शिकाऊ उमेदवारी सल्लागाराने परवानगी दिल्याशिवाय त्याला ओव्हरटाईम लावता येत नाही. उरल्यासारख्या ठिकाणी, जेथे वितळलेले लोखंड आणि चालते रोल यांच्यापासून हातभर अंतरावर माणसे काम करतात, तेथे ही कलमे फाटकावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लागली पाहिजेत.

विद्यावेतनाचे आकडेही बोलके आहेत. २०१९ च्या दुरुस्त नियमांनी ते शिक्षणानुसार दरमहा किमान पाच ते नऊ हजार रुपये ठरवले. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने त्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली, म्हणजे सहा वर्षांत रुपयाची किंमत किती घसरली याची कबुली सरकारी बैठकीतच मिळाली. याच काळात पुणे परिसरातील कारखान्यांनी 'नीम' या नावाने आणलेल्या प्रशिक्षणार्थींचा अनुभव आपण घेतला. २०१३ साली आलेली ती योजना तंत्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये मागे घेतली. एक योजना गेली की दुसरी येते. मुलगा तोच, यंत्र तेच आणि पाळीही तीच राहते.

कष्टकऱ्याला शिकवायचे तर त्याचा वेळ आधी बघावा लागतो, हे महाराष्ट्राला नव्याने शिकवण्याची गरज नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली ती म्हणूनच. मुंबईत १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेतील 'कमवा आणि शिका' या योजनेत मुले शेतात राबली, पण ते राबणे त्यांच्याच शिक्षणासाठी होते आणि कामाची वेळ अभ्यासाच्या वेळेला धरून आखलेली होती. आज तेच शब्द कारखान्यांच्या जाहिरातींत वापरले जातात. तेथे कमाई मालकाची आणि शिकणे सवडीचे, असा उलटा प्रकार होतो. शब्द कर्मवीरांचा घेतला तर शिस्तही कर्मवीरांची घ्यावी, एवढे मागण्याचा अधिकार आम्हाला नक्कीच आहे.

छत्तीसगडच्या कामगारांपाशीही स्वतःचा वारसा आहे. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली दल्ली राजहराच्या खाण कामगारांनी संघर्षाबरोबर निर्माण हे सूत्र धरले, मुलांसाठी शाळा चालवल्या आणि १९८३ साली आपल्या बळावर शहीद रुग्णालय उभे केले. १९९०-९१ मध्ये ही चळवळ भिलाई, उरला, कुम्हारी आणि टेडेसरा येथील ठेकेदारी कामगारांपर्यंत पोचली. त्यांच्या मागण्या साध्या होत्या: कायम नोकरी, जगण्यापुरते वेतन आणि संघटना करण्याचा हक्क. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींचा भिलाईत खून झाला. १ जुलै १९९२ रोजी भिलाईत लोहमार्गावर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. त्या पिढीने ज्या हजेरीपटावर नाव लागावे म्हणून रक्त सांडले, त्याच हजेरीपटाच्या बाहेर आज तिची नातवंडे 'ट्रेनी' म्हणून उभी आहेत.

येथे आम्हाला आपल्याच घरातील दोष सांगितला पाहिजे. 'ट्रेनी आले की आपला ओव्हरटाईम जातो, उद्या आपली जागाही जाईल,' असे कायम कामगार म्हणतो आणि त्याचे म्हणणे खोटे नाही. पण त्या रागाचा रोख चुकतो. मुलाला शिकवायचे नाही, यंत्राजवळ येऊ द्यायचे नाही, चहाला सोबत घ्यायचे नाही, असे जेथे घडते तेथे मालकाचे काम आपणच सोपे करतो. हाच मुलगा उद्या कायम होईल किंवा ठेकेदारीवर जाईल. कोणत्याही बाजूने तो आपलाच आहे. आज त्याच्यासाठी कोणी बोलले नाही, तर उद्या संघटनेची पावती घेऊन गेल्यावर तो आपल्याला ओळखही दाखवणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, शिकणाऱ्या कामगाराचे वेळापत्रक हा मागणीपत्रकाचा विषय झाला पाहिजे. त्यात चार बाबी तरी असाव्यात. एक, महाविद्यालयाचा दाखला देणाऱ्यास सत्र संपेपर्यंत एकच पाळी. दोन, परीक्षेच्या दिवसांची भरपगारी रजा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७४ साली पगारी शैक्षणिक रजेचा १४० क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून मान्य केलेला नाही, पण कारखान्याच्या पातळीवर तसा करार करायला कोणाची आडकाठी नाही. तीन, जो प्रत्यक्ष उत्पादनाचे काम करतो त्याला नाव काहीही असले तरी निदान किमान वेतनाइतकी रक्कम. चार, कारखान्यात काय शिकवले याची नोंदवही, आणि ती तपासताना महाविद्यालयाच्या शिक्षकाबरोबर कामगारांचा प्रतिनिधी. जर्मनीत व्यवसाय शिक्षणाच्या परीक्षा मंडळांवर मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने बसतात. तेथील उद्योग त्यामुळे बुडाला नाही.

पाळी बांधून दिली तर उत्पादनाची घडी बिघडेल, असे मालक म्हणतील. पण गिऱ्हाइकाची निकड असली की हीच घडी एका रात्रीत बदलते, हे आम्ही रोज पाहतो. महाविद्यालयांनाही आमची विनंती आहे. वर्ग कोठे आणि केव्हा भरवायचे हे ठरवताना एकदा तरी फाटकावर येऊन पाळ्यांच्या वेळा विचाराव्यात. आठवड्यातील सुटीच्या दिवशी बीरगावातच वर्ग भरला, तर शहरापर्यंतची ये-जा वाचेल आणि हजेरीचा निम्मा प्रश्न सुटेल.

नवे सत्र सुरू होण्याआधी आमच्या प्रत्येक शाखेने एक साधे काम करावे. आपल्या कारखान्यात शिकणारे किती आहेत, कोणत्या अभ्यासक्रमाला आहेत, त्यांची पाळी कोणती आणि परीक्षा केव्हा, याची यादी तयार करावी. ही यादी फाटक सभेत वाचून दाखवावी आणि तिची एक प्रत व्यवस्थापनाकडे द्यावी. ज्यांची नावे आजवर कोणत्याच पटावर धड लागली नाहीत, त्यांची नावे निदान संघटनेच्या वहीत तरी लिहिली गेली पाहिजेत.