कुलूप पुण्यात, आम्ही न्यू जर्सीत

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या एका वाचक भगिनीने विचारलंय, "चार महिने घर बंद राहणार, कुलूप कोणतं घ्यावं?" कुलूप चांगलं घ्याच. पण २०२२ च्या जूनमध्ये आमच्या दाराचं कुलूप शाबूत राहिलं आणि कोयंडाच मुळासकट निघाला. तेव्हा कुलपापेक्षा मागे राहणाऱ्या माणसाबद्दल लिहिते.

नातू अठरा दिवसांचा होता. रात्री साडेआठला त्याला पायांवर घेऊन बसले होते, तोच फोन आला. पुण्यात सकाळचे सहा. समोरच्या वहिनी दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आल्या, तर आमचं दार उघडं! मी काय म्हणावं? "वहिनी, आत जाऊन कपाट बघा हो!" त्या बिचाऱ्या गेल्या. विस्कटलेले कपडे उचलून पलंगावर ठेवले, खण आत ढकलले, आरसाही पुसला म्हणे. ठसे घेणारे आले तेव्हा सगळीकडे वहिनींचेच हात लागलेले!

म्हणून सांगते, पोलीस येईपर्यंत कुणालाही आत पाठवू नका. उंबऱ्याबाहेरूनच फोटो काढायला सांगा, आणि ११२ ला फोनही तिथल्याच माणसाला करू दे. परदेशातून आपण ११२ फिरवला तर तो आपल्या पुण्याच्या पोलिसांना लागायचा नाही. आपल्या पोलीस ठाण्याचा साधा नंबर एसटीडी कोडसकट वहीत लिहून न्यावा.

फिर्याद माझ्या धाकट्या दिरांनी दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे फिर्याद इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, पण तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. आपण साता समुद्रापार. तेव्हा घरचं कुणीतरी ठाण्यात गेलेलंच बरं. पंचनाम्याच्या वेळीही त्यालाच हजर राहायला सांगावं.

पण दिरांना माझ्या कपाटात काय होतं ते काय ठाऊक? रात्री दोन वाजता मी आठवून आठवून सांगतेय: दोन पाटल्या, चांदीची वाटी, थोडी रोकड, चेकबुक. पाटल्यांचं वजन विचारलं तर गप्प. आईच्या होत्या त्या. पावती कुठली असणार? चोरीचा माल सापडला तरी तो कोर्टातून सोडवून घ्यावा लागतो, आणि आपलाच आहे हे दाखवावं लागतं. जाण्यापूर्वी एका दुपारी दागिने चादरीवर मांडून फोटो काढा, वजनं लिहा, आणि त्याची एक प्रत घरच्या विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. खरं तर दागिने बँकेच्या लॉकरमध्येच हवेत. १ जानेवारी २०२२ पासून लॉकरमधून चोरी झाली तर वर्षाच्या भाड्याच्या शंभरपटीपर्यंत जबाबदारी बँकेवर आहे. सोन्याच्या आजच्या भावात ती पुरणार नाही, पण घरच्या कपाटाची जबाबदारी कोण घेतो? मी मात्र "उद्या जाऊ, उद्या जाऊ" करत विमानात बसले.

चेक थांबवायला बँकेचा ओटीपी भारतातल्या नंबरावर येत होता, आणि ते सिमकार्ड यांनी पैसे वाचवायला बंद ठेवलं होतं! तो नंबर परदेशात चालू राहील असं बघा. घराचा विमा असेल तर चोरीचं कलम आत्ताच वाचा. घर ठरावीक दिवसांहून जास्त रिकामं राहिलं तर भरपाई नाही, अशी अट पुष्कळ पॉलिसींत असते.

परत यावं का? मला तर त्याच रात्री निघायचं होतं. लेक म्हणाली, "आई, गेलेलं गेलं. तू इथे हवी आहेस." मी राहिले, आणि ते बरोबरच केलं.

चुकलं ते दुसरंच. पोलिसांनी फोनवर विचारलं, "कुणावर संशय?" हे पटकन म्हणाले, "आमच्या कामाच्या बाई. किल्ली त्यांच्याकडे असते." कुंड्यांना पाणी घालायला मीच ती दिली होती. मी शेजारी बसले होते, आणि काही बोलले नाही. किल्ली जिच्या कमरेला आहे ती कोयंडा कशाला उपटेल, एवढंसुद्धा सुचलं नाही. दोन दिवस तिला ठाण्यात बसवून ठेवलं. चार महिन्यांनी दुसऱ्याच घरफोडीत सापडलेल्या माणसाकडे आमची वाटी मिळाली. पाटल्या केव्हाच वितळल्या होत्या. बाईंचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

पोलिसांनी विचारलं तर किल्ली कुणाकडे होती, कोण येत-जात होतं, हे खरं खरं सांगावं. पण आधार नसताना कुणाचं नाव संशय म्हणून घेऊ नये.

आम्ही परतलो तेव्हा कुंड्या हिरव्यागार होत्या. वहिनींनी सांगितलं, ठाण्यातून सुटल्यावरही ती आठवडाभर पाणी घालायला येत होती. मग किल्ली त्यांच्या हातात ठेवून गेली. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. "असू द्या ताई," म्हणाली. आता ती पलीकडच्या इमारतीत काम करते. रस्त्यात भेटली की नातवाची चौकशी करते. मी चहाला बोलावते, ती "येते की" म्हणते. अजून आलेली नाही.