अवर्षण आणि दुष्काळ : दोन शब्दांमधील अंतर

हवामान आणि स्थलांतर यांच्या संबंधाविषयी अलीकडे पुष्कळ लिहिले जाते. पर्जन्यमानाचा आलेख घ्यावा, त्याशेजारी माणसांच्या हालचालींचा नकाशा मांडावा आणि एकाने दुसऱ्याचा उलगडा झाला असे समजावे, ही रीत साहित्याच्या अभ्यासातही रूढ होऊ पाहत आहे. तिच्याविषयीची एक शंका मला येथे मांडावयाची आहे. ती मनात आली भिलाईच्या पावर हाउस स्थानकावर.

भाताची कापणी आटोपली की छत्तीसगढच्या खेड्यांतील कितीतरी कुटुंबे येथून गाडी धरतात. भांडी, अंथरूण, तांदळाचे गाठोडे आणि लहान मुले बरोबर असतात. कोठे निघालात असे विचारले, तर 'कमाए-खाए बर', म्हणजे कमावण्या-खाण्यासाठी, एवढेच उत्तर मिळते. आपल्याकडेही अशा वर्षी माणसे 'जगायला गेली' असेच म्हणतात. दोन्ही बोली आभाळाविषयी काही बोलत नाहीत. बोलतात त्या पोटाविषयी. आणि याच परिसरात, १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली त्या सुमारास व पुढे, विदर्भातून आलेली मराठी घरेही नांदत आहेत. आभाळ एकच, फलाटही एकच. काही आले, काही जात आहेत. हा भेद पर्जन्याच्या आलेखात कोठे सापडावा?

निसर्गाचा रेटा मी नाकारीत नाही. घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन (१९६८-८३) त्याची साक्ष देते. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास तेथील प्रशस्त चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती आखडली आणि पशुपालन व शिकार यांवरील भिस्त वाढली. म. के. ढवळीकरांसारख्या संशोधकांनी याची संगती कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी लावली. परंतु वस्ती उठली ती इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास. मधली सुमारे ३०० वर्षे ती माणसे घर लहान करून, अन्न बदलून तेथेच राहिली. गाव सोडणे हा त्यांचा पहिला नव्हे, शेवटचा उपाय होता.

आपल्या भाषेला हे अंतर ठाऊक आहे. पाऊस न पडणे म्हणजे अवर्षण किंवा अनावृष्टी. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. अतिवृष्टीने पीक गेले तर मराठी माणूस त्याला 'ओला दुष्काळ' म्हणतो. दुष्काळ हा शब्द पावसाच्या अभावाशी बांधलेला नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? छत्तीसगढीतला 'दुकाल' याच शब्दाचा भाऊ. अवर्षण आभाळात घडते, दुष्काळ समाजात.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा या दृष्टीने पुन्हा वाचावी. त्या कथेत कोणी पाऊस पाडीत नाही. दामाजी बेदरच्या बादशहाची कोठारे उघडतो आणि विठ्ठल महाराच्या रूपाने जाऊन धान्याचे मोल चुकते करतो. देवाच्या चमत्काराचा विषयही येथे मेघ नाही. कुलूपबंद धान्य आणि त्याची किंमत हा आहे.

छत्तीसगढचा इतिहास याहून वेगळे सांगत नाही. १८९१ साली नागपूर-आसनसोल लोहमार्ग खुला झाला आणि या भातमुलखाचे धान्य दूरच्या बाजारांकडे वाहू लागले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षी पाऊस रुसला तेव्हा लोकांपाशी विकत घेण्याचे बळ उरले नव्हते. १८९१ च्या मानाने १९०१ च्या शिरगणतीत मध्य प्रांताची लोकसंख्या घटली. धान्यामागोमाग माणसेही याच रुळांवरून निघाली आणि आसामच्या चहामळ्यांत पोचली. तेथे त्यांचे वंशज आजही आहेत. याउलट १९७२ चा महाराष्ट्र पाहावा. अवर्षण भीषण होते. पण १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. हाल झालेच, तरी मृत्यूचे ते जुने थैमान टळले. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा (१९७७) आला.

म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी दुष्काळाला केवळ पार्श्वभूमी मानू नये आणि दैवही मानू नये. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) अखेरीस गाव ओस पडते. ते वाचताना पाऊस किती पडला एवढेच विचारून भागणार नाही. कोणाचे कोठार बंद होते, कोणत्या वाटा खुल्या होत्या, हेही विचारावे लागेल. मराठी आणि छत्तीसगढी यांतील दुष्काळाच्या कथा, ओव्या, म्हणी शेजारी ठेवून हे प्रश्न अद्याप फारसे विचारले गेलेले नाहीत. त्या सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची पिढी मात्र सरत चालली आहे.

पावर हाउसच्या फलाटावरील माणसांना 'हवामानाचे निर्वासित' म्हटले की दोष आभाळाकडे जातो आणि आपण सुटतो. त्यांनी स्वतःसाठी निवडलेला शब्द अधिक अचूक आहे. तो आपण आधी नीट ऐकावा.