श्वासाला घंटा कशाला?



मोबाइलवर ध्यानाचं संगीत लावून आम्ही दहा-बाराजणी डोळे मिटून बसलो होतो. मन जरा कुठे ठरत होतं, तेवढ्यात मध्येच मटण मसाल्याची जाहिरात लागली, फोडणीच्या चर्र आवाजासकट. कुणी 'शी!' म्हणालं, कुणी फिस्सकन हसलं, आणि त्या दिवसाचं ध्यान तिथेच संपलं. घरी येताना मी ठरवलं, आपलं संगीत आपणच करायचं. केलंही. त्यात मोठी चूक झाली, तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी आमचा वर्ग कसला ते सांगते. मुलीकडे सिंगापूरला तीन महिने राहिले होते. तिथे इमारतींखालच्या मोकळ्या जागेत सकाळी चिनी आज्या स्पीकर लावून सावकाश हात वर-खाली करताना दिसायच्या. ते चीगोंग. 'ची' म्हणजे श्वास, प्राण, आणि 'गोंग' म्हणजे सरावानं कमावलेलं काम. त्यातला 'बादुआनजिन' हा आठ हालचालींचा संच मी त्यांच्या मागे उभी राहून शिकले. चीनच्या क्रीडा खात्यानं २००३ मध्ये त्याचा एक ठरीव नमुना प्रसिद्ध केला, तो साधारण १२ मिनिटांचा आहे. शेवटी टाचा उचलून सात वेळा हलकेच आपटायच्या असतात, ते तर आमच्या सगळ्यांचं आवडतं. आमच्यातल्या एकदोघी म्हणतात, हे मूळ आपल्याकडचंच असणार. मला ते पटत नाही. चिनी लोकांचं आहे, त्यांचं म्हणूनच शिकावं. एक नाव मात्र मी गाळलं. दुसऱ्या हालचालीत धनुष्य ताणायचं असतं, आणि तिच्या मूळ नावात गरुडावर नेम धरलेला आहे. यशोधर राजानं पिठाचा कोंबडा मारला तर केवढे भव भोगावे लागले, हे लहानपणापासून ऐकलेल्या आपण. आम्ही नुसतं 'धनुष्य ताणा' म्हणतो.

तर संगीत. मी लग्नाआधी पेटी शिकलेली, भाचा बासरी वाजवतो आणि त्याच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग होतं. चिनी संगीताचे पाच मुख्य सूर पेटीवर काढून पाहिले तर ते आपल्या भूपाचेच निघाले, सा रे ग प ध. वर्ग सकाळचा, म्हणून आधी देशकार घेतला. सूर तेच, पण राग सकाळचा. तो सारखा वर चढतो, धैवतावर रेंगाळतो, ऐकणारीला उत्साह येतो. डोळे मिटून बसायला तो नको वाटला. शेवटी वेळेचा नियम मोडून भूपच घेतला आणि खालच्या सुरांत ठेवला. जाणकारांनी माफ करावं.

तबला घातला नाही, कारण ठेका आला की पाय ताल धरतो. ओळखीची चालही नको, हे अनुभवानं कळलं. पहिल्या वेळी भाच्यानं एका स्तवनाची चाल वाजवली, तर दुसऱ्याच मिनिटाला सगळ्याजणी गुणगुणायला लागल्या. ध्यानाचं भजन झालं! अमेरिकेनं १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर जी तबकडी पाठवली, तिच्यावर आपल्या केसरबाई केरकर आहेत आणि चीनच्या गुचिन या सात तारांच्या वाद्याचं वादनही आहे. भाच्यानं ते ऐकवलं. गुचिनची तार छेडली की सूर बराच वेळ विरत राहतो, आणि वाजवणारा त्याला विरू देतो. आम्ही बासरीतही तशा जागा मोकळ्या सोडल्या. खाली फक्त तानपुरा.

इथवर सगळं ठीक होतं. मग माझ्यातली बी.कॉम. जागी झाली.

चीगोंगनंतर आम्ही एक कायोत्सर्ग करतो. नऊ वेळा णमोकार आणि एका णमोकाराला तीन श्वासोच्छ्वास: पहिल्यात दोन पदं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात शेवटचं. म्हणजे २७ श्वास. एका श्वासाला चार सेकंद धरले तर किती? १०८ सेकंद! मला इतका आनंद झाला की रात्री साडेदहाला भाच्याला फोन केला. त्यानं दर चार सेकंदांनी एक बारीक घंटा घातली. चीगोंगलाही हात वर जाताना एक घंटा, पाच सेकंदांनी खाली येताना दुसरी. हिशेब चोख, पैचाही फरक नाही. मंडळात कौतुक झालं.

महिन्याभरानं माझ्या थोरल्या जाऊबाई, अक्का, यायच्या बंद झाल्या. त्यांना दम्याचा त्रास आहे, आणि या वर्गाची गोडी सगळ्यांत जास्त त्यांनाच होती. मी विचारायला गेले, तर आधी गुडघे दुखतात म्हणाल्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "अगं, हात वर नेताना तुझी घंटा वाजायच्या आतच माझा श्वास संपतो. मग कोंडून धरते, छातीत धडधड होते. आणि णमोकाराला तर उलटं. जरा मन लागलं की श्वास लांबतो, तोवर तुझ्या दोन घंटा पुढे गेलेल्या. मग पदं गाळून तुम्हाला गाठायचं. णमोकार गाळण्यापरीस घरी बसलेलं बरं." मला काही बोलायला सुचेना. "अक्का, तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" एवढंच विचारलं. "तू हौसेनं केलंस ना," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना खोदून विचारलं, तर पाचजणी रोज पदं गाळत होत्या. कुणी बोललं नव्हतं.

आपल्या आचार्यांनी कायोत्सर्गाचं माप श्वासात दिलं, ते काही घड्याळ नव्हतं म्हणून नव्हे. सामायिकाला दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटं, हे माप आहेच की त्यांच्याजवळ. तरी इथे श्वास धरला, कारण तो जिचा तिचा असतो. निवांत बसलेल्या माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० वेळा चालतो, असं डॉक्टर सांगतात. एवढा फरक असताना सगळ्यांना एका घंटेवर चालवणारी मी कोण? संगीतानं श्वासाच्या मागून यावं, पुढे होऊन त्याला ओढू नये. चिनी परंपरेत पाच सुरांची सांगड पाच अवयवांशी घातलेली आहे, त्यावरून यकृताचं संगीत, मूत्रपिंडाचं संगीत असलंही मोबाइलवर मिळतं. त्याच्या नादी लागून कुणी औषध सोडू नका एवढंच म्हणते.

आणि सामायिकात संगीत? माझं मत विचाराल तर नको. पूजेला, आरतीला हवं तेवढं वाजवा, मी स्वतः पेटी घेऊन बसते. पण सामायिकात राग-द्वेष बाजूला ठेवून बसायचं, आणि कानाला मात्र गोड खाऊ द्यायचा, हे मला जमत नाही. बासरी आवडली हाही रागच झाला. मंडळातल्या तरुण मुली म्हणतात, काकू, शांततेत आम्हाला घरातली कामं आठवतात. मलाही आठवतात गं. काल हरभरे भिजत घालायचे राहिले ते आठवलं. पण ती आठवण आली आणि गेली हे पाहणं, तेच तर तिथलं काम. बासरीखाली ती नुसती झाकली जाते.

आता भाच्याकडून सगळ्या घंटा काढून घेतल्या आहेत. चीगोंगच्या १२ मिनिटांना तानपुरा आणि मोकळ्या जागा ठेवून वाजणारी बासरी, आकडे मोजणं नाही. बासरी शेवटी हळूहळू बारीक होते, एकदम तुटत नाही. १२ मिनिटांत एखादीचं झालं नाही तर तानपुरा आणखी तीन मिनिटं चालू राहतो. कायोत्सर्गाला काहीच नाही, पंख्याचा आवाज तेवढा. जिचे २७ श्वास झाले ती डोळे उघडून बसून राहते. अक्का पुन्हा येतात. त्यांचं बहुधा सगळ्यांत शेवटी होतं, आणि तोवर कुणी पिशवी उचलत नाही, चप्पल शोधत नाही.

रेकॉर्डिंग कुणाला हवं असेल तर मला कळवा, पाठवते. फक्त सोयीसाठी म्हणून त्यात पुन्हा घंटा घालू नका.