कोशात जागा कोणाला?

मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदांत वर्षानुवर्षे वादन करणाऱ्या चरणजीत सिंग यांनी १९८२ साली एक ध्वनिमुद्रिका तयार केली. रोलँड या जपानी कंपनीची काही नवी इलेक्ट्रॉनिक वाद्ये त्यांच्या हाती आली होती. त्यांवर त्यांनी भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. एच. एम. व्ही.ने काढलेली ही तबकडी फारशी खपली नाही आणि लवकरच विस्मरणात गेली. पुढे १९८७ साली शिकागोच्या काही तरुणांनी त्यांपैकीच टीबी-३०३ या वाद्यावर जे नृत्यसंगीत रचले, ते ‘ॲसिड हाऊस’ या नावाने जगभर गाजले. हे वाद्य तोवर बाजारात अपयशी ठरून जुन्या मालाच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागले होते. २००२ साली एका डच संग्राहकाला सिंग यांची तबकडी दिल्लीत सापडली आणि २०१० साली त्याने ती पुन्हा प्रसिद्ध केली. तेव्हा हे काम १९८२ सालचे नसून अलीकडे कोणी तरी केलेली थट्टा असावी, अशी शंका घेणारेही निघाले! मूळ तबकडी हाती होती म्हणूनच त्यांना उत्तर देता आले. सिंग २०१५ साली मुंबईत निवर्तले. विकिपीडियावर आज त्यांची नोंद आहे.

हीच नोंद २००५ साली कोणी लिहिली असती, तर ती टिकली असती काय? बहुधा नाही. वास्तविक मधल्या काळात सिंग यांच्या त्या कामात एका स्वराचीही भर पडलेली नव्हती. भर पडली ती त्यांच्याविषयी छापून आलेल्या मजकुरात. अल्पपरिचित नृत्यसंगीतकाराला ज्ञानकोशात स्थान द्यावे की नाही, या वादाचे मर्म येथे आहे.

२००१ साली सुरू झालेल्या विकिपीडियाची कसोटी थोडक्यात अशी: ज्या व्यक्तीविषयी तिच्याशी हितसंबंध नसलेल्या विश्वासार्ह प्रकाशनांनी पुरेशा विस्ताराने लिहिले आहे, तिचीच स्वतंत्र नोंद करावी. कलावंत थोर की सामान्य, हे ठरवण्याचा अधिकार या नियमाने संपादकाला दिलेला नाही, आणि ते योग्यच झाले. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी भागभांडवल उभारून १९२० ते १९२९ या काळात ज्ञानकोशाचे खंड काढले, तेव्हा प्रत्येक स्तंभाला कागदाची आणि छपाईची किंमत होती. १९७६ साली पहिला खंड निघालेल्या मराठी विश्वकोशालाही ही मर्यादा होतीच. संगणकावरील कोशात जागा जवळजवळ फुकट आहे. मग एका नोंदीने काय बिघडते, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. तथापि, जागेची टंचाई संपली म्हणून टंचाई संपली असे नव्हे. दुर्मीळ आहे ती नोंद पडताळून पाहणाऱ्याची सवड. नृत्यसंगीताच्या क्षेत्रात तर उपलब्ध मजकुरापैकी पुष्कळसा कलावंताने स्वतः, नाही तर त्याच्या विक्रेत्याने पुरवलेला असतो. त्यावर उभारलेली नोंद म्हणजे जाहिरातच, आणि तीही बिनखर्चाची. नियम सैल केला तर त्याचा पहिला लाभ उपेक्षितांना न मिळता प्रसिद्धीचे तंत्र जाणणाऱ्यांना मिळेल, याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही.

परंतु नियम निर्दोष असला तरी त्याला लागणारा कच्चा माल कोश तयार करीत नाही. तो येतो वृत्तपत्रांतून, विद्यापीठांतून, ग्रंथांतून. आणि ही मंडळी बहुधा ज्याचे नाव आधीच झाले आहे त्याच्याविषयीच लिहितात. कीर्तीवर असे चक्रवाढ व्याज चढत जाते. ज्याचे मुद्दलच नोंदले गेले नाही त्याला व्याज कोठून मिळणार? ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाच्या संगीताबरोबर सी. रामचंद्र यांचे नाव घरोघरी पोचले. त्या संगीताला पाश्चात्त्य नृत्याची लय देण्यात ज्यांचा हात होता, ते गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट किती मराठी घरांना ठाऊक होते? पडद्यामागच्या अशा वादकांचा तपशीलवार इतिहास ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने लिहिला आणि तो प्रसिद्ध झाला २००८ साली. हे काम मुंबईच्या एखाद्या विद्यापीठात आधी होऊ नये, याचे वैषम्य वाटले पाहिजे.

तमाशाची स्थिती याहून बिकट आहे. फड ओळखला जातो तो मालकाच्या वा मुख्य नर्तकीच्या नावाने. जिच्या थापेवर लावणी उभी राहते त्या ढोलकीचा वादक फलकावर क्वचितच दिसतो. अशा वादकाची नोंद कोशात नसेल तर त्याचा दोष कोशाच्या संपादकावर ढकलता येणार नाही. पुरावा नसताना नुसत्या आदरापोटी चार ओळी लिहून ठेवल्या, तर जन्मसालापासून गुरूच्या नावापर्यंत सारे ऐकीव असणार, आणि तेच पुढे दहा ठिकाणी उतरवले जाणार. त्यापेक्षा फडाच्या वा ध्वनिमुद्रिकेच्या नोंदीत, जेवढे पडताळता येते तेवढेच त्याचे नाव घालणे अधिक प्रामाणिक होईल.

एक गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. विकिपीडियाच्या नियमानुसार पुरावा इंग्रजीतच असावा, किंवा तो संगणकावरच सापडावा, असे मुळीच नाही. सोलापूरच्या किंवा साताऱ्याच्या दैनिकात चाळीस वर्षांपूर्वी एखाद्या ढोलकीवादकावर बातमीदाराने सविस्तर लेख लिहिला असेल, तर अंक, तारीख आणि पृष्ठ देऊन तोही दाखवता येतो. अडचण एवढीच, की तो अंक कोठे तरी शिल्लक असला पाहिजे. जिल्ह्याच्या ग्रंथालयांत जुन्या दैनिकांच्या बांधीव फायली जागेअभावी रद्दीत काढण्याचा विचार जेथे चालू असेल, तेथे तो आधी थांबवावा लागेल. कोशातील जागेचा वाद त्यानंतरचा.