वीज मालकाच्या नावावर, नुकसान भाडेकरूच्या माथी!

बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत साखर कारखाने, एमआयडीसी आणि निरा डाव्या कालव्याचे पाणी यांच्या जोरावर बाजारपेठ वाढली. झेरॉक्स, मोबाईल दुरुस्ती, शिवणकाम, थंड पेये असे धंदे घेऊन आपल्या समाजातील तरुणही या बाजारात उतरला. पण ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या गावाबाहेरची वस्ती आली, त्यांच्या नावावर मोक्याच्या जागी गाळा कोठून असणार? तो भाड्याच्या गाळ्यात बसतो. अनेकदा करार तोंडी असतो आणि मीटर मालकाच्या नावावर. मालकाने बिल थकविले किंवा गाळा खाली करून घेण्यासाठी मुद्दाम वीज तोडली की फ्रीजमधला माल सडतो, गिऱ्हाईक तुटते. तरीही पहिल्या तारखेला मालक पूर्ण भाडे मागायला हजर! याला व्यवहार म्हणायचे की वेठ?

प्रत्येक वेळी मालकच दोषी असतो असे आमचे म्हणणे नाही. मे २०२५ मध्ये या दोन्ही तालुक्यांत अतिवृष्टी झाली, निरा डावा कालवा फुटला. अशा आपत्तीत वीज गेली तर मालकाला जाब विचारता येणार नाही. महावितरणने ठरलेल्या मुदतीत पुरवठा सुरू केला नाही, तर विद्युत कायदा २००३ च्या कलम ५७ नुसार भरपाई महावितरणकडे मागावी. परंतु जे मालकाच्या हातात होते आणि त्याने केले नाही, त्याचा भुर्दंड भाडेकरूने का सोसावा?

कायदा येथे मुका नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम २९ प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूची वीज वा पाणी तोडणे हा गुन्हा आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे; तो नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. विद्युत कायद्याचे कलम ४३ मालकाबरोबर जागेचा ताबा असणाऱ्यालाही वीजजोडणी मागण्याचा हक्क देते. मालकाने ना हरकत दाखला दिला नाही म्हणून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बजावले आहे.

नुकसानभरपाईचा प्रश्न मात्र कराराच्या कागदावर अडतो. करार कायदा १८७२ च्या कलम ७३ नुसार करार करताना दोघांनाही जे नुकसान संभाव्य म्हणून माहीत होते, ते मागता येते. दूरचे, अप्रत्यक्ष नुकसान मिळत नाही. म्हणून गाळ्यात कोणता धंदा आहे, कोणती यंत्रे चालणार, मालकाच्या चुकीने वीज बंद राहिली तर किती भाडे कापले जाईल, हे करारात लिहून घेतलेच पाहिजे.

कायद्यात एक मोठे भगदाडही आहे. सरकार व स्थानिक संस्थांच्या मालकीच्या जागांना भाडे नियंत्रण कायदा लागू नाही. म्हणजे नगरपरिषदेच्या गाळ्यातील भाडेकरूला कलम २९ चा आधार नाही! खासगी मालकाला जो नियम, तो नगरपरिषदेला का नको? नगरपरिषदांनी ही हमी स्वतःच्या करारनाम्यात दिली पाहिजे, अशी मागणी आपल्या नगरसेवकांनी सभागृहात केली पाहिजे.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचे धोरण त्यांच्याच खात्यात आखले जात होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योग नाहीत आणि उद्योगाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, ही त्यांची भूमिका होती. ती वीज आज मालकाच्या मर्जीवर टांगलेली असेल तर आपल्या तरुणाचे स्वावलंबनही त्याच खुंटीला टांगलेले राहील.

जयंतीच्या मिरवणुकीसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या आपल्या मंडळांनी आपल्या गाळेधारकांची यादी करावी. आपल्या वकिलांनी आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्यासाठी द्यावी. करार लेखी आणि मीटर स्वतःच्या नावावर, एवढे झाले तरी मालकाचा हात मेन स्विचकडे सहज जाणार नाही.