पटावरील मूल आणि जगाची क्रमवारी

परीक्षेच्या निकालावरून शाळांची तुलना करण्याची आपली सवय जुनी आहे. आता देशांच्या शिक्षणव्यवस्थांचीही अशी तुलना होते. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची 'पिसा' ही चाचणी २००० सालापासून पंधरा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांचे वाचन, गणित व विज्ञान तपासते. शिकलेले ज्ञान अनोळखी प्रसंगी वापरता येते का, हे त्यात पाहिले जाते.

२००९ च्या फेरीसाठी भारतातून तामिळनाडू व हिमाचल प्रदेश ही राज्ये सहभागी झाली. एकूण ७४ देश-प्रदेशांत ती तळाशी राहिली. वाचन व गणितात त्यांच्याखाली केवळ किरगिझस्तान होते. प्रश्न भारतीय परिस्थितीशी सुसंगत नव्हते, असे कारण पुढे करून आपण नंतरच्या फेऱ्यांतून अंग काढून घेतले. त्या आक्षेपात काही तथ्य असेल. परंतु पंधराव्या वर्षी साध्या उताऱ्याचा अर्थ न लागणे, हा दोष परदेशी प्रश्नपत्रिकेचा नव्हे.

तथापि क्रमवारीपुढे मान तुकवण्याआधी विचारले पाहिजे की, मोजले कोणाला? ही चाचणी सातवी वा त्यापुढील वर्गात दाखल असलेल्यांचीच होते. त्याच फेरीत शांघाय प्रथम आले. पण कामासाठी तेथे आलेल्या कुटुंबांची कित्येक मुले नोंदणीच्या नियमांमुळे उच्च माध्यमिक शिक्षणासाठी मूळ गावी परतत असत, याकडे अभ्यासकांनी लक्ष वेधले.

म्हसवड परिसराला ही गोष्ट परकी नाही. मेंढरांमागे किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या घरातील मूल शाळेतून सुटले, की ते सरासरीतूनही सुटते, आणि निकाल मात्र उजळ दिसतो. अशा मुलाला दहावीपर्यंत टिकवून धरणे, हे निवासी शाळेचे पहिले यश होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी प्रवेश घेतला. तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तो निकालाचा नव्हे, प्रवेशाचा दिवस आहे.

अर्थात केवळ प्रवेशाने शिक्षण पूर्ण होत नाही. वर्गात बसूनही ज्याला वाचलेले समजत नाही, तो एका अर्थी बाहेरच राहिला. म्हणून आपल्या शाळांनी निकालासोबत आणखी दोन आकडे दरवर्षी पालकांसमोर ठेवावेत. पाचवीत आलेल्यांपैकी किती जण दहावीपर्यंत पोहोचले, आणि त्यांतील किती जणांना अनोळखी उतारा वाचून स्वतःच्या शब्दांत सांगता येतो. माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी हे आकडे आग्रहाने मागावेत. जगाच्या क्रमवारीत आपण कितवे, याआधी या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्यापाशी असली पाहिजेत.