सामुदायिक महाविद्यालये : प्रवेश सुलभ, दिशा दुर्लभ

अमेरिकेत पदवी स्तरावर शिकणाऱ्यांपैकी साधारणतः एक तृतीयांश विद्यार्थी सामुदायिक महाविद्यालयांत, म्हणजेच 'कम्युनिटी कॉलेज'मध्ये, शिकतात. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये अवघ्या सहा विद्यार्थ्यांसह या प्रयोगाला सुरुवात झाली. १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा महाविद्यालयांचे देशव्यापी जाळे उभारण्याची शिफारस केली. शुल्क कमी, प्रवेशाला गुणांची अट नाही, नोकरी सांभाळून शिकण्याची मुभा आणि दोन वर्षांनंतर विद्यापीठात जाऊन पदवी पूर्ण करण्याचा मार्ग खुला, असे या व्यवस्थेचे स्वरूप आहे. पुढे काय करायचे हे अठराव्या वर्षी न उमगलेल्या तरुणाला विचार करण्यास अवधी देणारी ही व्यवस्था मानली गेली.

प्रत्यक्षात मात्र हा अवधी अनेकांसाठी भटकंतीचा ठरला. येथे प्रवेश घेणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थी पदवीची आकांक्षा बाळगून येतात. सहा वर्षांत ती मिळवणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांच्या आसपास आहे.

समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी १९६० मध्येच या विसंगतीवर बोट ठेवले होते. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील महाविद्यालयाचा अभ्यास करून त्यांनी दाखवून दिले, की चाचण्या, पायाभूत वर्ग आणि समुपदेशकांच्या भेटी यांच्या द्वारे विद्यार्थ्याची आकांक्षा हळूहळू खाली आणली जाते. त्याला कोणी थेट नकार देत नाही. आपला बेत आपणच बदलला, अशी त्याची समजूत होते आणि संस्थेवर ठपका येत नाही. या निरीक्षणाची धार आजही बोथट झालेली नाही.

दुसरे कारण अधिक साधे आहे. थॉमस बेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या महाविद्यालयांना उपाहारगृहाची उपमा दिली आहे. शेकडो विषय मांडून ठेवलेले असतात. कोणता घेतल्यास पुढे काय साधते, हे सांगणारे कोणी नसते. घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा जो पहिलाच आहे, त्याला चुकलेल्या निवडीची किंमत वर्षभराच्या शुल्काने मोजावी लागते. निवडीचे स्वातंत्र्य हे एरवी भूषणच. पण माहितीवाचून ते ओझे होते.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये सुरू केलेला 'असॅप' हा उपक्रम या संदर्भात लक्षणीय आहे. यात विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचे, ठरावीक मार्गदर्शकाला नियमित भेटायचे आणि त्या बदल्यात बस व भुयारी रेल्वेचा पास, पुस्तकांसाठी साहाय्य आणि सोयीचे वेळापत्रक मिळवायचे. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून केलेल्या अभ्यासात या उपक्रमातील ४० टक्के विद्यार्थी तीन वर्षांत उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. इतरांत हे प्रमाण २२ टक्के होते. ओहायो राज्यातही असाच अनुभव आला. दरडोई खर्च वाढला, तरी प्रत्येक यशस्वी विद्यार्थ्यामागील खर्च घटला. रेल्वेच्या पासाचा आणि आयुष्याच्या दिशेचा संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु कामावरून वर्गात वेळेवर पोहोचता येणे, ही दिशा शोधण्याची पूर्वअटच आहे.

भारतात ही संकल्पना नवी नाही. पुदुच्चेरी विद्यापीठाचे सामुदायिक महाविद्यालय १९९५ पासूनचे आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने २००९ मध्ये आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेत अशा महाविद्यालयांच्या योजना राबवल्या. तथापि, आपल्याकडे अडचण उलट आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर शाखा ठरते, आणि ती बहुधा विद्यार्थ्याऐवजी घरातील वडीलधारेच ठरवतात. दिशा सापडत नाही म्हणण्यापेक्षा ती शोधण्याआधीच हाती दिली जाते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने हे चित्र बदलण्याची शक्यता निर्माण केली आहे. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षानंतर चार श्रेयांकांचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करून प्रमाणपत्रासह बाहेर पडता येते, तीन वर्षांच्या आत परतता येते आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. कमावून परत शिकू इच्छिणाऱ्या तरुणास ही तरतूद मोलाची आहे. मात्र क्लार्क यांचा इशारा येथेच लागू होतो. आर्थिक ओढाताणीमुळे किंवा इंग्रजीच्या धास्तीने शिक्षण सोडणाऱ्याच्या हाती प्रमाणपत्र पडले, तर त्याच्या गळतीची नोंद गळती म्हणून होणारच नाही. बाहेर पडलेल्यांपैकी किती जण तीन वर्षांत परतले, आणि बाहेर पडताना त्यांच्याशी कोणी बोलले होते काय, याची महाविद्यालयनिहाय माहिती नियमितपणे प्रसिद्ध झाल्याशिवाय या तरतुदीने विद्यार्थ्याला अवधी दिला की निरोप, हे ठरवता येणार नाही.